सागरी डिझेल इंजिन थंड कसे ठेवतात? विहिरीवरच्या इंजिनापासून मालवाहू जहाजापर्यंत

मासेमारी नौका, प्रवासी लाँच आणि मालवाहू जहाज यांची इंजिने चहूबाजूंनी पाण्याने वेढलेली असतात. त्यामुळे ती थंड ठेवणे सोपे असेल, असे वाटते. प्रत्यक्षात समुद्राचे पाणी इंजिनात थेट फिरवले, तर इंजिन गंजते आणि त्यात क्षार साठतात. म्हणून बहुतेक सागरी डिझेल इंजिनांत दोन वेगळी पाणी वापरली जातात. गोडे पाणी इंजिनाच्या आत फिरते आणि खारे पाणी बाहेरून येऊन गोड्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. या दोन पाण्यांची गाठ पडते, पण ती एकमेकांत मिसळत नाहीत. सागरी इंजिनाच्या शीतन यंत्रणेचे मर्म एवढेच आहे.

अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही हे तत्त्व या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहे. विहिरीवर डिझेल इंजिन चालवणाऱ्यांना पाण्याने इंजिन कसे थंड होते हेही ठाऊक असते आणि क्षाराच्या पाण्याने ते कसे बिघडते हेही. त्यामुळे सागरी इंजिन समजून घेण्याची सुरुवात विहिरीपासून केलेली बरी.

उष्णता येते किती आणि जाते कुठे?

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन सिलिंडरमधली हवा जोरात दाबतो, त्या दाबाने हवा इतकी तापते की फवारलेले डिझेल आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेल यांचे या तत्त्वावरचे यशस्वी इंजिन १८९७ मध्ये जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे चालले. ज्वलनाच्या क्षणी सिलिंडरमधल्या वायूचे तापमान २,००० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकते. अॅल्युमिनियम ६६० अंशांना वितळते आणि बिडाचे लोखंड साधारण १,२०० अंशांना. एवढ्या आगीत पिस्टन आणि सिलिंडर टिकतात, याचे एक कारण म्हणजे ही आग प्रत्येक फेऱ्यात क्षणभरच असते. दुसरे कारण म्हणजे भिंतीत शिरलेली उष्णता सतत बाहेर काढली जाते.

नौकेवरच्या मध्यम आकाराच्या इंजिनाचा हिशेब मांडला तर चित्र स्पष्ट होते. १०० किलोवॉट, म्हणजे सुमारे १३४ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण २२ किलो डिझेल जाळते. त्या डिझेलमधून सुमारे २६० किलोवॉट इतकी ऊर्जा सुटते. त्यातले १०० किलोवॉट पंखा फिरवण्याच्या कामी येतात. उरलेल्या १६० किलोवॉटपैकी जवळपास अर्धी उष्णता धुराबरोबर निघून जाते. ७० ते ८० किलोवॉट उष्णता पाणी आणि वंगणतेल यांना वाहून न्यावी लागते. थोडी उष्णता इंजिनाच्या अंगावरून खोलीत पसरते.

८० किलोवॉट म्हणजे घरातले दोन किलोवॉटचे चाळीस गिझर एकाच वेळी चालू ठेवण्यासारखे आहे. ही उष्णता बाहेर गेली नाही, तर काही मिनिटांत वंगणतेल पातळ होते, पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि शेवटी अडकतो. मेकॅनिकच्या भाषेत इंजिन ‘सीझ’ होते.

विहिरीवरचे इंजिन: तीन पद्धती

साताऱ्याचे कूपर आणि पुण्याचे किर्लोस्कर ही नावे महाराष्ट्रातल्या शेतीपंपांच्या डिझेल इंजिनांशी जोडलेली आहेत. वीज पोहोचण्यापूर्वी आणि पोहोचल्यावरही भारनियमनाच्या काळात या इंजिनांनी विहिरीचे पाणी पिकांना दिले. पाण्याने थंड होणारी ही इंजिने प्रामुख्याने तीन प्रकारची असत.

पहिल्या प्रकारात इंजिनाच्या डोक्यावर पाण्याची उघडी टाकी असते, तिला हॉपर म्हणतात. त्यातले पाणी उकळते आणि वाफ होऊन उडून जाते. पाण्याची वाफ होताना खूप उष्णता शोषली जाते. त्यामुळे पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला तासाला साधारण पाच लिटर पाणी पुरते. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांवर स्थिर राहते, मात्र पाणी संपले की संरक्षणही संपते.

दुसऱ्या प्रकारात इंजिनाशेजारी पाण्याचे मोठे पिंप ठेवतात. सिलिंडरभोवती पाण्यासाठी ठेवलेल्या पोकळीला वॉटर जॅकेट म्हणतात. जॅकेटमध्ये तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने पिंपात जाते आणि पिंपाच्या तळचे थंड पाणी खालच्या नळीने जॅकेटमध्ये येते. यासाठी वेगळा पंप लागत नाही.

तिसऱ्या प्रकारात उपसा पंपाच्याच पाण्यातून एक बारीक नळी काढून जॅकेटला जोडतात. गरम झालेले पाणी दुसऱ्या नळीने पाटात पडते. पाच अश्वशक्तीच्या इंजिनाला त्यासाठी तासाला दीडेकशे लिटर पाणी पुरते. पंप तासाला हजारो लिटर पाणी उपसत असतो, त्यामुळे एवढी बारीक धार काढल्याचे जाणवतही नाही. बाहेर पडणाऱ्या पाण्याला हात लावला की इंजिन किती तापले आहे याचा अंदाज येतो. धार थांबली, तर इंजिन ताबडतोब बंद करायचे हा साधा नियम.

ही तिसरी पद्धत सागरी इंजिनांतही आहे. तिथे विहिरीऐवजी समुद्रातून पाणी घेतात आणि पाटाऐवजी पुन्हा समुद्रात सोडतात. बाहेरचे पाणी थेट इंजिनात फिरवणाऱ्या या पद्धतीला ‘रॉ वॉटर कूलिंग’ म्हणतात.

समुद्राचे पाणी थेट का फिरवत नाहीत?

थेट पद्धत सोपी, स्वस्त आणि कमी जागा घेणारी आहे. जुन्या छोट्या नौकांवर ती सर्रास होती. तिच्यात तीन मोठे दोष आहेत.

पहिला दोष क्षारांचा. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले नेहमीचे मीठ थर म्हणून साठत नाही, ते पाण्याबरोबर वाहून जाते. त्रास देतात ते प्रामुख्याने कॅल्शियमचे क्षार. साखर गरम पाण्यात अधिक विरघळते, पण या क्षारांचे उलट आहे. पाणी तापले की ते विरघळलेल्या अवस्थेत राहत नाहीत आणि सर्वांत गरम पृष्ठभागावर जाऊन बसतात. गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर अशाच कारणाने तयार होतो. हा थर उष्णता नीट वाहू देत नाही, त्यामुळे पाणी वाहत असूनही त्यामागचा धातू तापतच राहतो.

अहिल्यानगर जिल्ह्यात याचा अनुभव समुद्राशिवाय येतो. प्रवरेच्या कालव्याखालील भागात वर्षानुवर्षे भरपूर पाणी दिल्याने काही जमिनी क्षारपड झाल्या आहेत. अशा भागातल्या विहिरींचे पाणीही अनेकदा क्षारयुक्त असते. ते पाणी हॉपरमध्ये उकळले की वाफ उडून जाते आणि क्षार मागे राहतात. काही हंगामांनंतर जॅकेटमधली वाट अरुंद होते.

दुसरा दोष गंजाचा. खारे पाणी विजेचे चांगले वाहक असते. इंजिनात बीड, अॅल्युमिनियम, तांबे आणि पितळ असे वेगवेगळे धातू एकमेकांना जोडलेले असतात. खाऱ्या पाण्यात बुडालेली ही जोडणी एखाद्या बॅटरीसारखी वागते आणि त्यातला कमकुवत धातू झिजत जातो.

तिसरा दोष सहसा लक्षात येत नाही. क्षार बसू नयेत म्हणून थेट पद्धतीच्या इंजिनात पाण्याचे तापमान साधारण ५५ ते ६० अंशांच्या वर जाऊ देत नाहीत. डिझेल इंजिनासाठी हे तापमान कमी आहे. डिझेलमधल्या गंधकापासून तयार होणारे आम्ल थंड भिंतीवर दव पडल्यासारखे जमते आणि सिलिंडरची भिंत खाऊ लागते. इंधन अर्धवट जळते आणि थोडे वंगणतेलातही उतरते. इंजिन जास्त तापणे वाईट, तसेच गरजेपेक्षा थंड राहणेही वाईट. डिझेल इंजिनाला ८० ते ९० अंशांचे पाणी मानवते आणि त्या तापमानाला समुद्राचे पाणी चालत नाही. दोन पाण्यांची पद्धत याच पेचातून आली आहे.

दोन पाण्यांची पद्धत

मध्यम आकाराच्या मासेमारी नौकेवर ट्रकच्या इंजिनाशी साम्य असलेले इंजिन वापरले जाते. ट्रकमधल्या रेडिएटर आणि पंख्याच्या जागी इथे हीट एक्स्चेंजर म्हणजे उष्णता विनिमयक बसवतात. तो लांबट नळकांड्यासारखा असतो आणि त्याच्या आत बारीक नळ्यांचा जुडगा असतो. नळ्यांच्या आतून खारे पाणी जाते आणि नळ्यांच्या बाहेरून गोडे पाणी. नळीच्या पातळ भिंतीतून उष्णता पलीकडे जाते, पाणी मात्र जात नाही. या नळ्या अनेकदा तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूच्या असतात. हा मिश्रधातू खाऱ्या पाण्यात चांगला टिकतो.

गोड्या पाण्याचा फेरा बंदिस्त असतो. इंजिनावरचा पंप पाणी सिलिंडरभोवतीच्या जॅकेटमध्ये आणि सिलिंडर हेडमध्ये फिरवतो. बाहेर पडल्यावर ते थर्मोस्टॅटपाशी येते. हा तापमानानुसार आपोआप उघडणारा पडदा असतो. इंजिन थंड असेल, तर तो पाणी परत इंजिनातच पाठवतो. पाणी पुरेसे तापले की पडदा उघडतो आणि पाणी उष्णता विनिमयकाकडे जाते. त्यामुळे इंजिन लवकर तापते आणि नंतर योग्य तापमानावर टिकते. ‘थर्मोस्टॅट काढून टाकला की इंजिन थंड राहते’ हा समज म्हणूनच घातक आहे. थर्मोस्टॅट नसेल, तर इंजिन कमी तापमानावर चालते आणि लवकर झिजते.

या फेऱ्यात पाण्याची टाकी असते आणि तिच्यावर दाबाचे झाकण. साधारण १ बार जादा दाब ठेवला की पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळते. पाण्यात कूलंट मिसळलेला असतो. कोकणात बर्फ पडत नाही, म्हणून कूलंटची गरज नाही असे काहींना वाटते. त्यातली गंजरोधक द्रव्ये मात्र उष्ण प्रदेशातही तितकीच आवश्यक असतात.

खाऱ्या पाण्याचा मार्ग उघडा असतो. नौकेच्या तळाजवळच्या छिद्रातून पाणी आत येते. तिथेच एक झडप असते, ती बंद केली की समुद्राचा संबंध तुटतो. पुढे गाळणी असते. पालापाचोळा, शिंपल्यांचे तुकडे आणि अलीकडे प्लास्टिकही तिच्यात अडकते. त्यानंतर पंप येतो. छोट्या इंजिनांत या पंपाला रबरी पात्यांचे चाक असते, त्याला इम्पेलर म्हणतात. पुढे पाणी तेलाच्या कूलरमधून आणि उष्णता विनिमयकातून जाते. इंजिनाला टर्बोचार्जर असेल, तर दाबामुळे तापलेली हवा थंड करणाऱ्या कूलरमधूनही ते जाते. शेवटी ते नौकेच्या कडेने बाहेर पडते.

वरच्या उदाहरणातल्या १०० किलोवॉटच्या इंजिनात बाहेरच्या पाण्याचे तापमान १० अंशांनी वाढू द्यायचे ठरवले, तर मिनिटाला सुमारे १२० लिटर, म्हणजे तासाला सात हजार लिटरांहून अधिक पाणी लागते. हे पाणी ट्रकला मिळत नाही, पण नौकेला फुकट मिळते. तितक्याच आकारमानाच्या हवेच्या तुलनेत पाणी साधारण साडेतीन हजार पट उष्णता वाहून नेऊ शकते. नौकेवर रेडिएटरपेक्षा कितीतरी लहान उष्णता विनिमयक पुरतो तो यामुळेच.

धुराचा पाइप आणि जस्ताचा तुकडा

काही नौकांवर काम झालेले खारे पाणी धुराच्या पाइपात सोडतात. त्यामुळे ४०० ते ५०० अंशांचा धूर झटकन थंड होतो आणि पुढचा पाइप रबराचाही चालतो. आवाजही कमी होतो. मात्र पाइपाची रचना चुकली, तर बंद इंजिनात मागून पाणी शिरण्याचा धोका असतो. अनेक मासेमारी नौकांवर धुराचा पाइप कोरडाच ठेवून सरळ केबिनच्या छपरावर नेलेला असतो. तिथे खारे पाणी वेगळ्या नळीने कडेला पडते.

उष्णता विनिमयकाच्या अंगावर एक छोटा स्क्रू असतो आणि त्याच्या टोकाला जस्ताची कांडी. ती काहीच काम करत नाही, असे वाटते. प्रत्यक्षात ती इतर धातूंच्या ऐवजी स्वतः झिजते. खाऱ्या पाण्यातल्या धातूंच्या ‘बॅटरी’त जस्त सर्वांत आधी विरघळते, त्यामुळे तांबे, पितळ आणि बीड वाचतात. कांडी अर्धी झिजली की बदलायची असते. ती संपली तरी इंजिन पूर्वीसारखेच चालत राहते आणि म्हणूनच तिच्याकडे दुर्लक्ष होते. त्यानंतर झिजायला लागतात त्या विनिमयकाच्या नळ्या. कांडी बदलण्याचा खर्च अगदी किरकोळ असतो, विनिमयक बदलण्याचा मात्र मोठा.

गोड्या पाण्यात जस्त तितके प्रभावी ठरत नाही. जायकवाडीच्या नाथसागराचा फुगवटा अहिल्यानगर जिल्ह्यातल्या शेवगाव आणि नेवासे तालुक्यांपर्यंत येतो. अशा जलाशयांवरच्या नौकांसाठी मॅग्नेशियमची कांडी अधिक योग्य असते.

गाळाच्या पाण्यासाठी कील कूलिंग

खाडीत आणि बंदराच्या तोंडाशी पाणी गढूळ असते. गाळ गाळणीतून निसटतो, इम्पेलर झिजवतो आणि बारीक नळ्या बुजवतो. अशा ठिकाणी काही नौका खारे पाणी आत घेतच नाहीत. इंजिनातले गोडे पाणी नौकेच्या तळाबाहेर बसवलेल्या पाइपांतून फिरवून परत आणतात. समुद्र त्या पाइपांना बाहेरूनच थंड करतो. याला कील कूलिंग म्हणतात.

या पद्धतीत खाऱ्या पाण्याचा पंप, गाळणी आणि इम्पेलर यांची गरज राहत नाही. तोटा असा की बाहेरच्या पाइपांवर शेवाळ आणि शिंपले वाढले की थंड होण्याची क्षमता घटते. नौका उथळ जागी टेकली तर पाइपांना मारही बसू शकतो.

मोठ्या जहाजांवर

समुद्र ओलांडणारे पहिले मोठे डिझेल जहाज मानले जाणारे डेन्मार्कचे सेलांडिया १९१२ मध्ये सेवेत आले. आजच्या सर्वांत मोठ्या मालवाहू जहाजांची इंजिने इमारतीइतकी उंच असतात आणि त्यांची कार्यक्षमता ५० टक्क्यांच्या आसपास असते. तरीही उरलेल्या अर्ध्या ऊर्जेची विल्हेवाट लावावी लागते.

अशा जहाजांवर गोड्या पाण्याचे दोन फेरे असतात. उच्च तापमानाचा फेरा सिलिंडरभोवती फिरतो आणि त्यातले पाणी ८० ते ९० अंशांवर ठेवतात. कमी तापमानाच्या फेऱ्यातले पाणी साधारण ३६ अंशांवर असते. ते वंगणतेल, सिलिंडरमध्ये जाणारी दाबलेली हवा आणि जनरेटर यांना थंड करते. समुद्राचे पाणी फक्त एका ठिकाणी, मुख्य उष्णता विनिमयकात येते. त्यामुळे खाऱ्या पाण्याच्या पाइपांची लांबी, आणि पर्यायाने गंजण्याची जागा कमी होते. मोठ्या इंजिनांच्या पिस्टनमध्ये पाण्याऐवजी तेल फिरवून तो थंड करतात.

उच्च तापमानाच्या पाण्यातली उष्णता वाया जाऊ देत नाहीत. तिच्यावर जहाजासाठी गोडे पाणी तयार होते. बंद भांड्यातली हवा काढून दाब खूप कमी केला की समुद्राचे पाणी ४५ ते ६० अंशांनाच उकळते. त्याची वाफ थंड केली की गोडे पाणी मिळते. मोठ्या जहाजावर असे दिवसाला वीसेक टन पाणी तयार होऊ शकते. जे क्षार इंजिनात नको असतात, ते इथे मुद्दाम मागे ठेवून समुद्रात परत सोडले जातात.

बंदरात इंजिन बंद असतानाही जॅकेटमधले पाणी गरम ठेवतात. थंड इंजिन एकदम भारावर घेतले, तर जाड धातूचे भाग असमान फुगतात आणि तडे जाण्याची भीती असते.

भारतीय नौदलाचे अभियंते हे शास्त्र ज्या ठिकाणी शिकतात, तेही समुद्रापासून दूर आहे. आयएनएस शिवाजी ही नौदलाची सागरी अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था लोणावळ्यात, सह्याद्रीच्या माथ्यावर आहे.

पाण्यात उतरूनही हवेवर थंड होणारे इंजिन

अहिल्यानगर शहरात लष्कराचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, मेकॅनाइज्ड इन्फंट्री रेजिमेंटल सेंटर आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा व्हीआरडीई या संस्था आहेत. रणगाडे आणि चिलखती वाहने यांचा या शहराशी जुना संबंध आहे. या वाहनांची डिझेल इंजिने नौकेच्या इंजिनाइतकी किंवा त्याहून शक्तिशाली असतात. अर्जुन रणगाड्याचे इंजिन १,४०० अश्वशक्तीचे आहे. त्याच्याभोवती समुद्र नसतो, असते ती फक्त हवा आणि तीही वाळवंटात ४५ अंशांपर्यंत तापलेली.

म्हणून रणगाड्यात मोठे रेडिएटर आणि शक्तिशाली पंखे बसवावे लागतात आणि ते फिरवण्यातच इंजिनाच्या शक्तीचा काही भाग खर्च होतो. मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचे बीएमपी-२ हे वाहन आणखी वेगळे आहे. ते जमिनीवर धावते आणि पाण्यात तरंगत ताशी सुमारे सात किलोमीटर वेगाने नदीही ओलांडते. पाण्यात असतानाही त्याचे सुमारे ३०० अश्वशक्तीचे इंजिन बाहेरच्या पाण्याने थंड होत नाही. इंजिनातून वेगाने सुटणारा धूर आपल्याबरोबर बाहेरची हवा रेडिएटरमधून ओढून घेतो आणि ती हवा कूलंटची उष्णता नेते. ज्या वाहनाला बहुतेक वेळ जमिनीवर काढायचा आहे, त्याने पाण्यावर अवलंबून चालत नाही.

इंजिन कुठलेही असो, उष्णता शेवटी कुठेतरी सोडावीच लागते. नौका ती समुद्रात सोडते, विहिरीवरचे इंजिन पाटात आणि रणगाडा हवेत. या तीन पर्यायांतून यंत्रणेचा आकार आणि तिच्यात होणारे बिघाड ठरतात.

इंजिन तापले तर

विहिरीवरचे इंजिन बंद पडले, तर पाण्याची पाळी चुकते आणि पीक सुकते. किनाऱ्यापासून काही तास दूर असलेल्या नौकेचे इंजिन बंद पडले, तर तांडेल आणि खलाशी वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या स्वाधीन होतात. जाळे पाण्यात असेल, तर अडचण वाढते. त्यामुळे पहिली लक्षणे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

नौकेच्या कडेने पडणारी धार हे सर्वांत सोपे मापक आहे. धार बारीक झाली किंवा थांबली, तर दोष खाऱ्या पाण्याच्या मार्गात असतो. तळाची झडप अर्धवट बंद आहे का, गाळणीत प्लास्टिक अडकले आहे का, पट्टा सुटला आहे का आणि इम्पेलरची पाती तुटली आहेत का, हे त्या क्रमाने पाहतात. पाण्याशिवाय फिरलेला रबरी इम्पेलर फार कमी वेळात खराब होतो. तुटलेल्या पात्यांचे तुकडे पुढे विनिमयकात जाऊन अडकतात, म्हणून ते सर्व शोधून काढावे लागतात.

धार चांगली असूनही तापमान वाढत असेल, तर दोष गोड्या पाण्याच्या फेऱ्यात असतो. टाकीतले पाणी कमी झाले असेल, थर्मोस्टॅट अडकला असेल किंवा विनिमयकाच्या नळ्यांवर थर बसला असेल. टाकीत सतत बुडबुडे येत असतील, तर सिलिंडर हेडचे गॅस्केट गेल्याची शक्यता असते. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर तेलाचा कूलर गळत असू शकतो. वंगणतेल दुधाळ चहासारखे दिसत असेल, तर त्यात पाणी शिरले आहे आणि इंजिन पुढे चालवणे धोक्याचे आहे.

तापमान वाढल्यावर आधी भार कमी करतात. पाण्याचा प्रवाह चालू असेल, तर इंजिन एकदम बंद न करता काही वेळ मंद फिरू देतात. त्यामुळे साठलेली उष्णता निघून जाते. प्रवाहच थांबला असेल, तर मात्र इंजिन लगेच बंद करावे लागते. गरम टाकीचे दाबाचे झाकण कधीही उघडू नये. दाब सुटताच १०० अंशांहून अधिक तापलेले पाणी एकदम उकळून अंगावर उडते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाऊ शकतो.

आणखी एक धोका तापमानाशी संबंधित नाही. खाऱ्या पाण्याची रबरी नळी फुटली, तर समुद्र सरळ इंजिनाच्या खोलीत येतो. अशा वेळी तळाची झडप बंद करता आली पाहिजे. गंजून अडकलेली झडप नौका बुडण्याचे कारण ठरू शकते.

पावसाळी बंदी आणि देखभाल

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. हा काळ माशांच्या प्रजननाचा आणि खवळलेल्या समुद्राचा असतो. ससून डॉक, हर्णै आणि मिरकरवाडा अशा बंदरांतल्या नौका या दिवसांत उभ्या असतात किंवा किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शीतन यंत्रणेकडे लक्ष देण्याची हीच योग्य वेळ असते.

या काळात इम्पेलर बदलतात. नुसता उभा राहिला तरी त्याची पाती दबून ताठ होतात. जस्ताच्या कांड्या पाहतात, विनिमयक उघडून नळ्या साफ करतात आणि कूलंट बदलतात. रबरी नळ्या दाबून पाहतात. कडक झालेली किंवा फुगलेली नळी तशीच ठेवत नाहीत. तळाची झडप उघडून आणि बंद करून सैल ठेवतात. खारे पाणी महिनोन्‌महिने आत साठू नये म्हणून तो मार्ग गोड्या पाण्याने धुऊन काढणेही फायद्याचे असते.

विहिरीवरच्या इंजिनालाही हाच नियम लागू पडतो. हंगाम संपला की जॅकेटमधले पाणी काढून टाकणे, साठलेला क्षार साफ करणे आणि पुढच्या वेळी शक्य असेल तर कमी क्षाराचे पाणी वापरणे एवढ्याने इंजिनाचे आयुष्य वाढते. राहुरीच्या शिवारात असो वा रत्नागिरीच्या समुद्रात, पाणी किती आहे याबरोबरच त्या पाण्यात काय मिसळलेले आहे, यावर इंजिनाचे आयुष्य ठरते.